नेत्याची मुद्रा कोण ठरवतो? तसबिरी, पुतळे आणि राष्ट्राची आठवण

महालकर (धागाकर्ता)

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांच्या ठेल्यांशेजारी तसबिरींचे आणि लहान पुतळ्यांचे जे ठेले लागतात, ते मी दरवर्षी निवांतपणे पाहतो. प्लास्टरचा वीतभर उंचीचा अर्धपुतळा, निळा कोट, लाल टाय, खिशाला पेन आणि चष्म्याची काळी कड ब्रशच्या एकाच फटकाऱ्यात ओढलेली, ही बाबासाहेबांची मूर्ती आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असेल. संविधान चौकातून जाणाऱ्यालाही सुटाबुटातले बाबासाहेबच दिसतात. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानावर, म्हणजे आजच्या दीक्षाभूमीवर, बाबासाहेब आले ते पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट घालून. त्यांची प्रकृती खालावलेली होती आणि हातात काठी होती. त्या दिवसाची छायाचित्रे उपलब्ध आहेत. तरीही ज्या शहरात ती घटना घडली, त्या शहरातही ती मुद्रा तसबिरीत क्वचितच पाहायला मिळते.

यात काही चुकले आहे असे मला म्हणायचे नाही. ज्या समाजाला अंगभर वस्त्र वापरण्यावरूनही अडवले गेले, त्याने आपल्या नेत्याचा सूट निवडला, यामागचा विचार मला पूर्णपणे पटतो. माझा मुद्दा असा आहे की नेत्याची सार्वजनिक मुद्रा तो नेता ठरवत नाही. आठवण ठेवणारे ती ठरवतात आणि त्या निवडीवरून नेत्याइतकेच निवडणाऱ्यांविषयीही कळते. ही निवड कधी राज्यसंस्था करते, कधी लोक करतात, आणि या दोन निवडींत मोठा फरक पडतो.

राज्यसंस्थेने केलेल्या निवडीचे टोकाचे उदाहरण बीजिंगमध्ये आहे. तिआनानमेनच्या दरवाजावरचे माओंचे भव्य चित्र दरवर्षी १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनापूर्वी नव्याने रंगवलेल्या प्रतीने बदलले जाते. चेहरा, नजर आणि वय यांत तसूभरही फरक पडत नाही. मे १९८९ मध्ये तिघांनी त्यावर रंग भरलेली अंडी फेकली, तेव्हा तातडीने नवे चित्र लावण्यात आले आणि त्या तिघांना दीर्घ तुरुंगवास भोगावा लागला.

आता आपल्याकडे पाहा. ९ डिसेंबर १९५० रोजी कोल्हापूरच्या बिंदू चौकात भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले, तेव्हा बाबासाहेब हयात होते. संसदेच्या आवारात ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते २ एप्रिल १९६७ रोजी झाले. मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लागायला मात्र १२ एप्रिल १९९० उजाडावा लागला. त्याच सभागृहात गांधीजींचे चित्र २८ ऑगस्ट १९४७ रोजी आणि लोकमान्यांचे चित्र १९५६ मध्येच लागले होते. कोल्हापूरचा चौक ते संसदेचे सभागृह या प्रवासाला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. त्या काळात खेड्यापाड्यांतल्या वस्त्यांनी पै-पै वर्गणी जमवून किती चबुतरे उभारले, याची मोजदाद कोणी केलेली नाही. राष्ट्र आठवण ठेवते असे आपण म्हणतो तेव्हा त्यातले राष्ट्र नेमके कोण, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

मृण्मयी

महालकर, विषय महत्त्वाचा आहे. मी शिल्पकला शिकवते, त्यामुळे चर्चेत सहसा न येणारी एक बाजू मांडते. मुद्रा केवळ विचाराने ठरत नाही. माध्यम आणि पैसा यांचाही तीत वाटा असतो.

वस्तीच्या वर्गणीतून उभा राहणारा पुतळा बहुधा सिमेंटचा किंवा फायबरचा असतो, कारण ब्राँझ परवडत नाही. सिमेंटच्या पुतळ्याला सर्वाधिक धोका शरीरापासून सुटलेल्या भागांना असतो. उंचावलेल्या हाताचे बोट सर्वांत आधी तुटते, म्हणून त्यात सळई घालावी लागते. पावसाचे पाणी मुरून ती सळई गंजून फुगली की सिमेंट तडकते. पुस्तक छातीशी धरलेला हात मात्र धडाला चिकटलेला असतो आणि त्यामुळे तो पिढ्यानपिढ्या टिकतो. संविधानाचा ग्रंथ छातीशी धरलेली मुद्रा इतकी रुजली, याचे पहिले कारण अर्थातच संविधान आहे. तरीही ती मुद्रा घडवायला सोपी आणि टिकायला भक्कम आहे, हे कारागिरांनी फार लवकर ओळखले होते.

चष्म्याचेही तसेच आहे. पारदर्शक काच धातूत ओतता येत नाही, म्हणून धातूच्या पुतळ्यात केवळ कडा वेगळ्या करून बसवतात. त्या कडेची सावली डोळ्यांवर पडते आणि भरदुपारी खालून पाहणाऱ्याला डोळे दिसतच नाहीत. चांगला शिल्पकार मातीच्या प्रतिकृतीतच बुबुळाची खाच थोडी खोल घेतो, म्हणजे नजर हरवत नाही. उंच चबुतऱ्यावरच्या पुतळ्याचे डोके खालून लहान भासते, म्हणून ते प्रमाणापेक्षा किंचित मोठे करावे लागते. हे भान नसले की चौकात उभा राहिलेला पुतळा त्या माणसासारखा वाटत नाही आणि लोक चेहरा ओळखण्याऐवजी कोटाच्या रंगावरून ओळखतात. आपल्या राज्यात पुतळ्याच्या मातीच्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते ती याचसाठी.

निवृत्त रोखपाल

माझे आयुष्य नोटा मोजण्यात गेले, म्हणून नोटेवरच्या चित्राविषयी लिहितो. देशात सर्वाधिक हातांतून जाणारी तसबीर तीच आहे.

स्वातंत्र्यानंतर नोटांवरचे इंग्लंडच्या राजाचे चित्र काढायचे ठरले, तेव्हा त्या जागी गांधीजींचे चित्र घ्यावे असाच प्रथम विचार होता आणि तशी संकल्पचित्रेही तयार झाली होती. अखेरीस सारनाथच्या अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षावर एकमत झाले आणि १९४९ च्या एक रुपयाच्या नोटेवर ते आले. माझ्या मते आपल्या प्रजासत्ताकाचा हा अत्यंत सुजाण निर्णय होता. नव्या राष्ट्राने राजाच्या जागी दुसरी व्यक्ती बसवली नाही. गांधीजी नोटेवर आले ते १९६९ मध्ये, जन्मशताब्दीच्या निमित्ताने, आणि त्या चित्रात ते बसलेले असून मागे सेवाग्रामचा आश्रम आहे. १९८७ मध्ये पाचशेच्या नोटेवर त्यांचे चित्र आले आणि १९९६ पासूनच्या मालिकेत त्यांचा हसरा चेहरा रिझर्व्ह बँकेच्या सर्वच नोटांवर दिसू लागला.

हा चेहरा १९४६ च्या एका छायाचित्रातला आहे. दिल्लीत, आजच्या राष्ट्रपती भवनात, ब्रिटिश मंत्री लॉर्ड पेथिक-लॉरेन्स यांच्यासोबत गांधीजी उभे होते, तेव्हाचे ते हास्य आहे. नोटेसाठी चेहरा तेवढा घेतला आणि समोरची व्यक्ती गळली. सत्ता सोडायला आलेल्या राज्यकर्त्यासमोरचे ते हास्य आहे, हे आज फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. महालकरांच्या प्रश्नाचे एक उत्तर मला इथे दिसते. मुद्रा ठरवताना काय दाखवायचे याइतकेच काय कापायचे हेही ठरवले जाते.

वर्धेकर

रोखपालकाका, १९६९ च्या नोटेवरचा आश्रम आमच्या गावाजवळचा, म्हणून दोन ओळी लिहितो. सेवाग्रामच्या बापू कुटीत गांधीजींचे मोठेपण सांगणारी कोणतीही भव्य मूर्ती नाही आणि तिची उणीवही भासत नाही. कुडाच्या मातीने सारवलेल्या भिंती आहेत, बसण्याची चटई आहे, साप पकडून दूर सोडण्यासाठी वापरत ते चिमटे आणि पिंजरा आहे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सरकारने संपर्कासाठी बसवलेली दूरध्वनीची पेटी आहे. ज्या माणसाशी बोलण्यासाठी साम्राज्याला या खेड्यात तार ओढावी लागली, त्याची याहून बोलकी तसबीर कोणी काढू शकेल असे मला वाटत नाही.

धंतोलीकर

मला या धाग्यात थोडा विरोधी सूर लावायचा आहे. राज्यसंस्थेची निवड वाईट आणि लोकांची निवड चांगली अशी विभागणी मला मान्य नाही. लोकांनी निवडलेली मुद्राही माणसाला एकाच चौकटीत अडकवते. त्याचे अर्थशास्त्र, पाणी आणि विजेच्या धोरणातले त्याचे काम, मजूरमंत्री म्हणून घेतलेले निर्णय, हे सगळे निळ्या कोटाआड जाते. शिवाय स्वतः बाबासाहेबांनी याविषयी स्पष्ट इशारा दिलेला आहे. १९४३ मध्ये पुण्यात रानड्यांवर भाषण करताना त्यांनी विभूतिपूजेवर कठोर टीका केली होती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात, धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, परंतु राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि अखेरीस हुकूमशाहीकडे नेते, या आशयाचे विधान त्यांनी केले. हे वाचूनही आपण नव्या पुतळ्यांची मागणी करत राहणार असू, तर त्यांचे ऐकले कोणी?

आणि मालवणचे उदाहरण तर ताजे आहे. राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी थाटात उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. अनावरणाची तारीख आधी ठरते आणि काम तिच्यामागे धावते, तेव्हा स्मरणापेक्षा समारंभ मोठा झालेला असतो.

महालकर

धंतोलीकर, आपण दिलेले दोन्ही संदर्भ माझ्या मनात हा धागा लिहिताना होते, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो.

बाबासाहेबांची टीका सत्तेपुढे विवेक गहाण टाकण्यावर होती. जिवंत नेत्याच्या चरणी स्वातंत्र्य वाहू नका, असे ते सांगत होते. चौकातला पुतळा नेहमीच त्या प्रकारात मोडतो का? १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. ज्यांना सार्वजनिक तळे, रस्ता आणि मंदिर यांतून बाहेर ठेवले गेले, त्यांनी पुढच्या पिढीत गावाच्या मुख्य चौकात आपल्या माणसाची मूर्ती उभी केली, तेव्हा त्यांनी त्या सार्वजनिक जागेवरचा आपला हक्क नोंदवला. तिथे फूल वाहणे ही कृती आणि हुकूमशहाच्या चित्रापुढे सक्तीने मान तुकवणे ही कृती यांना एकाच तराजूत घालता येणार नाही. बीजिंगमधले चित्र कुणालाही तिथून हटवता येत नाही. वस्तीतला पुतळा मात्र वस्तीने उभारलेला असतो, वस्तीच रात्री जागून राखते आणि त्याची विटंबना झाली तर पहिला घाव तिच्याच मनावर बसतो.

चौकटीत अडकवण्याविषयीचे आपले म्हणणे मात्र मला मोलाचे वाटते. त्याचमुळे मी पांढऱ्या धोतराचा प्रश्न काढला होता. रोखपालसाहेबांनी कापण्याची गोष्ट सांगितली, तीही इथे लागू पडते. दीक्षेच्या मंचावर त्यांच्या पत्नी माईसाहेब होत्या आणि महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांसोबत त्यांनीही दीक्षा घेतली. आपल्या तसबिरींत त्या किती वेळा दिसतात?

अंबाझरी

मी मूळची नागपूरची असून सध्या वॉशिंग्टनजवळ राहते. काठीच्या उल्लेखावरून इथली एक हकिकत सांगावीशी वाटते, कारण ती महालकरांच्या प्रश्नाशी थेट जुळते.

अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १९२१ च्या आजारपणानंतर आधाराशिवाय चालू शकत नव्हते. चाकांच्या खुर्चीतली त्यांची छायाचित्रे अगदी मोजकी आहेत, कारण तशी घेतली जाऊ नयेत याची काळजी घेतली जात असे. त्यांनी न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना सांगून ठेवले होते की माझे स्मारक करायचेच झाले तर ते माझ्या टेबलाएवढे असावे. त्याप्रमाणे १९६५ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागारासमोर एक साधी शिळा बसवण्यात आली. राष्ट्राचे त्यावर समाधान झाले नाही आणि १९९७ मध्ये विस्तीर्ण स्मारक खुले झाले. त्यातल्या मुख्य पुतळ्यात ते बसलेले आहेत, परंतु अंगावरच्या लांब झग्याने खुर्ची जवळजवळ झाकलेली आहे. त्यावर अपंगांच्या संघटनांनी जोरदार आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे की ज्या माणसाने या अवस्थेत महामंदीला तोंड दिले आणि महायुद्ध चालवले, त्याची ती अवस्था लपवणे म्हणजे आम्हाला लपवणे आहे. त्यांनी १६ लाख ५० हजार डॉलर जमवले आणि जानेवारी २००१ मध्ये प्रवेशाजवळ चाकांच्या खुर्चीतला दुसरा पुतळा बसवला गेला. तो जमिनीच्या पातळीवर आहे, त्याला चबुतरा नाही. चाकांच्या खुर्चीतून आलेली मुले त्याच्या शेजारी थांबून छायाचित्र काढून घेतात आणि दोघांचे डोळे एका उंचीवर येतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

स्वतः रूझवेल्टना हे आवडले असते का, यावर इथे आजही मतभेद आहेत. नेत्याची इच्छा मोठी की त्याची आठवण ठेवणाऱ्यांची गरज मोठी, यावर महालकरांचे मत वाचायला आवडेल.

धंतोलीकर

अंबाझरीताई, याच्या उलट उदाहरण चर्चिल यांचे आहे. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ३० नोव्हेंबर १९५४ रोजी, ब्रिटिश संसदेने त्यांना ग्रॅहम सदरलँड यांनी रंगवलेले व्यक्तिचित्र भेट दिले. त्यात थकलेला, वाकलेला वृद्ध दिसत होता. चर्चिलना ते मुळीच रुचले नाही आणि पुढे त्यांच्या पत्नीच्या इच्छेनुसार ते नष्ट करण्यात आले. देशाने दिलेली भेट कुटुंबाने नाहीशी केली. आज त्या चित्राचे अभ्यास-रेखाटन आणि छायाचित्रे तेवढी उरली आहेत. खरेपणाला सार्वजनिक स्मृतीत जागा मिळवण्यासाठी किती झगडावे लागते, हे यावरून कळते.

गांधीगेट

छायाचित्रांच्या काळातल्या नेत्यांविषयी चर्चा चालली आहे, म्हणून छायाचित्रापूर्वीच्या काळाकडे थोडे लक्ष वेधतो. शिवाजी महाराजांचे म्हणून एकेकाळी छापले जाणारे चित्र दुसऱ्याच व्यक्तीचे आहे, हे इतिहासकार वा. सी. बेंद्रे यांनी दाखवून दिले आणि समकालीन चित्र प्रकाशात आणले. आज शासकीय कार्यालयांत दिसणारे चित्र कोल्हापूरचे चित्रकार जी. कांबळे यांचे आहे. म्हणजे एका संशोधकाने कागदपत्रांतून चेहरा शोधला, एका चित्रकाराने त्याला तेज दिले आणि राज्याने ते स्वीकारले. पुण्यात नानासाहेब करमरकर यांनी १९२८ मध्ये घडवलेला अश्वारूढ पुतळा पाहिला की लक्षात येते, घोड्याच्या मानेचा ताण आणि महाराजांच्या चेहऱ्यावरची शांतता यांतून शिल्पकाराने स्वतःचा अर्थ मांडला आहे. चेहऱ्याच्या हुबेहूबपणावर आपण फार भर देतो, परंतु अर्थ लावणारा कलावंत उत्तम असेल तर लोक त्याच्या डोळ्यांनी पाहू लागतात. त्या कलावंतांची नावे चबुतऱ्यावर कोरलेली असावीत, एवढा तरी आग्रह आपण धरला पाहिजे. आपल्या शहरातल्या कितीतरी चबुतऱ्यांवर उद्घाटकाचे, नगरसेवकाचे आणि कंत्राटदाराचे नाव ठळक असते, शिल्पकाराचे नाव मात्र शोधावे लागते.

महालकर

गांधीगेट यांच्या शेवटच्या वाक्याला माझे पूर्ण अनुमोदन.

अंबाझरीताई, आपल्या प्रश्नावर माझे मत असे आहे. नेत्याच्या इच्छेला त्याच्या घरात आणि समाधीपाशी मान द्यावा. सार्वजनिक स्मारक मात्र पुढच्या पिढ्यांसाठी असते, म्हणून तिथे त्यांची गरज मोठी मानावी. पन्नास आणि साठच्या दशकातल्या पिढीला सुटातल्या, ताठ उभ्या, बोट उंचावलेल्या बाबासाहेबांची गरज होती आणि त्यांनी ती मूर्ती जीव ओतून उभी केली. त्या मूर्तीला धक्का लावण्याचा विचारही माझ्या मनात नाही. आजच्या पिढीला तिच्याजोडीला आणखी एका मूर्तीची गरज आहे असे मला वाटते. मधुमेहाने शरीर पोखरलेले असताना, आयुष्याचे अवघे काही आठवडे उरलेले असताना, पांढरे धोतर नेसून, काठी टेकत, पत्नीसह नागपूरच्या मैदानात आलेल्या आणि लाखो लोकांना सोबत घेऊन एक मोठा निर्णय पूर्ण करणाऱ्या माणसाची ती मूर्ती असावी. ६ डिसेंबर आपण जाणतोच. त्या काठीने त्यांची उंची कमी होत नाही. किती त्रास सोसून ते इथवर आले, हे लहान मुलांना कळेल. रूझवेल्टांच्या दुसऱ्या पुतळ्याप्रमाणे ती जमिनीच्या पातळीवर असावी आणि सोबत माईसाहेब असाव्यात.

धंतोलीकर

नव्या पुतळ्यांना माझा विरोध कायम आहे, परंतु असा पुतळा झालाच तर त्याचा उपयोग भक्तीपेक्षा इतिहास कळण्यासाठी होईल, हे मला पटते. अट एकच घालावी. अनावरणाची तारीख शिल्पकाराने काम पूर्ण झाल्याचे सांगितल्यावरच ठरावी.

मृण्मयी

महालकर, शिल्पकाराच्या दृष्टीने ही मुद्रा अवघड असली तरी अशक्य नाही. धोतराच्या निऱ्यांमुळे पायांजवळ भरीव आकार मिळतो, काठी तिसरा आधार देते, आणि दोन व्यक्ती शेजारी असल्या की भार वाटला जातो. खरी अडचण शरीराच्या ठेवणीची आहे. आजारी माणूस काठीवर भार टाकतो तेव्हा एक खांदा किंचित वर जातो आणि कोटाची बाही मनगटापाशी वेगळी पडते. हे अंदाजाने केले तर नाटकी दिसते.

नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातले कपडे, काठी आणि टंकलेखन यंत्र जपलेले आहेत. तिथल्या व्यवस्थापनाने परवानगी दिली, तर वस्त्रांना हात न लावता, संवर्धन तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, खांद्याची रुंदी, बाहीची लांबी आणि काठीची उंची एवढी मापे घेता येतील. काठीच्या उंचीवरून वाकलेल्या कोपराचा कोन निघतो आणि त्यावरून पाठीचा बाक ठरतो. छायाचित्र एकाच बाजूने दिसते, मापे मात्र सर्व बाजूंनी उपयोगी पडतात. मी विद्यार्थ्यांसोबत दोन फुटी मातीचा नमुना करायला तयार आहे. परवानगीचा अर्ज कोणाच्या नावे करायचा, हे इथल्या जाणकारांनी सांगावे.

वर्धेकर

अर्जाचा मसुदा मी लिहून देतो. छायाचित्रांच्या मूळ प्रती कोणाकडे आहेत, याची चौकशी रोखपालकाकांनी आणि महालकरांनी करावी. मापांइतकीच त्यांचीही गरज पडेल.